अर्धशिशी आणि सुंठ

अर्धशिशी उठली की कपाळावर सुंठीचा लेप द्यावा, हा घरोघरचा प्रघात. आले वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांतही सुंठ चालते. शिवाय ती आपल्या दुकानातील नित्याचा जिन्नस. तेव्हा तिची पारख आपणच केली पाहिजे.

इराणमधील १०० रुग्णांवरील प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पोटात घेतलेल्या सुंठीच्या पुडीने सुमाट्रिप्टान या औषधाइतकाच उतार दोन तासांत पडला. परंतु दुखणे आपोआपही ओसरते. ‘सुंठीवाचून खोकला’ गेला नाही ना, हे पडताळण्यास औषधविरहित मात्रा तेथे कोणासही दिलेली नव्हती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील प्रयोगात ती दिली. तीन महिने आल्याचा सुका अर्क घेऊनही अर्धशिशीस प्रतिबंध झाल्याचे दिसले नाही.

म्हणून गिऱ्हाइकास इतकेच सांगावे : उठलेल्या दुखण्यास सुंठीने कदाचित उतार पडेल, वारंवार उठणाऱ्यास मात्र डॉक्टरच गाठावा.