दुसरा नमुना

सकाळी ८. शहापूरची आमची लॅब उघडते. आधी यंत्रांवर कंट्रोल लावायचे. ते जुळल्याशिवाय रिपोर्ट देत नाही. मग उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग.

९.३०. शेजारच्या दवाखान्यात डोळखांबकडचे एक बाबा दाखल झालेत. नमुना घ्यायला मीच जाते. "पित्त झालंय," बाबा म्हणतात. सदरा घामानं भिजलेला.

"कळ कधी उठली, बाबा?"

"धार काढत होतो तवा. साडेसात असतील."

ईसीजीत ठळक बदल नाही. तसा असता तर डॉक्टर माझ्या रिपोर्टसाठी थांबलेच नसते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, नाहीतर थेट कल्याण-ठाण्याची कॅथलॅब.

९.५०. ट्रोपोनिनच्या कार्डावर एकच रेघ. मुलगा उठतो, "चला, निगेटिव्ह आहे."

"दादा, बस. आता कुठं दोन तास झालेत. बाबांना हलवू नकोस."

स्नायूला इजा झाली की हृदयातलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण साध्या कार्डावर दिसायला तीन ते सहा तास जातात. नवी हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणी फार सूक्ष्म प्रमाण मोजते. तिथं तासा-दोन तासांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांवर बरंच कळतं. १९५४ साली हृदयविकाराच्या झटक्यासाठी एसजीओटी वापरायला सुरुवात झाली, आज तीच तपासणी आपण यकृतासाठी करतो. पुढं सीपीके-एमबी आलं, पण ते दोन-तीन दिवसांत उतरतं. ट्रोपोनिन आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतं. पाड्यावरून चौथ्या दिवशी येणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं आहे.

११. मुरबाडहून सहकाऱ्याचा फोन. विंचू चावलेल्या मुलाचं ट्रोपोनिन वाढलंय. झटका नव्हे; विंचवाचं विषही हृदयाच्या स्नायूवर घाला घालतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, हे कोकणात ठाऊक आहे. किडनीच्या रुग्णांतही ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे बघणं महत्त्वाचं. झटक्याच्या २०१८च्या जागतिक व्याख्येतही हीच अट आहे.

१.३०. बाबांचा दुसरा नमुना. पंधरा मिनिटांत दोन रेघा. रिपोर्ट छापत न बसता मी डॉक्टरांना फोन लावते. १०८ बोलावली जाते, बाबा ठाण्याला निघतात.

संध्याकाळी ७. रजिस्टरमध्ये प्रत्येक ट्रोपोनिनपुढं मी दोन वेळा लिहिते: नमुन्याची आणि कळ उठल्याची. दुसरी वेळ बहुतेकांना सांगता येत नाही. छातीत कळ येऊन घाम फुटला तर सोडा पीत थांबू नका. घड्याळ बघा, ईसीजी काढा, आणि पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टरांनी सोडल्याशिवाय घरी जाऊ नका.