ओटीटीचं बिल: काय, कधी, किती

ओटीटी म्हणजे केबल किंवा डिशशिवाय, इंटरनेटवरून थेट प्रेक्षकापर्यंत येणारी सेवा.

आगमन: हॉटस्टार २०१५, नेटफ्लिक्स जानेवारी २०१६, प्राइम व्हिडिओ डिसेंबर २०१६. खास मराठीसाठी ‘प्लॅनेट मराठी’ २०२१. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून ‘जिओहॉटस्टार’.

पैसे तीन प्रकारे
• वर्गणी: महिन्याची किंवा वर्षाची.
• भाडं: एकेका चित्रपटाचं. वर्गणीदारालाही काही नव्या चित्रपटांसाठी हे वेगळं मोजावं लागतं, आणि घोळ नेमका इथेच होतो.
• मोफत, जाहिरातींसह.

दर: डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर उतरला. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ वरून १,४९९ वर चढली. २०१६ च्या प्रारंभीच्या सवलतीत ती ४९९ होती. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या. त्या नको असतील, तर सुरुवातीचा जादा दर वर्षाला ६९९ रुपये.

पासवर्ड: नेटफ्लिक्सचं खातं जुलै २०२३ पासून भारतातही एकाच घरापुरतं.

ऑटो-पे: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ही सूचना जरूर वाचावी. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. फोनवरून अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती खात्यात जाऊन रद्द करावी लागते. यूपीआयवरून दिलेली परवानगी यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’च्या यादीत दिसते आणि तिथूनही बंद करता येते.