ट्रकवाल्यांच्या मागोमाग न्यूयॉर्क

न्यूयॉर्कमधून पिकअपमागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर ओढत न्यायचा म्हटलं, की पहिलं काम म्हणजे नकाशावरच्या निम्म्या रस्त्यांवर काट मारणं. हचिन्सन रिव्हर पार्कवे नाही, ब्रॉन्क्स रिव्हर पार्कवे नाही, हडसनच्या काठाकाठाने जाणारा हेन्री हडसन नाही, आणि पुढे कनेटिकटमधला मेरिट पार्कवेही नाही. हे रस्ते गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हौसेने मोटार काढून फिरायला निघणाऱ्यांसाठी आखले गेले. दुतर्फा झाडी, सुरेख वळणं आणि डोक्यावर बुटके, कमानीचे पूल. काही कमानींखालची उंची दहा फुटांच्याही आत आहे. आमचा ट्रेलर छतावरच्या एसीसकट अकरा फूट भरतो. भाड्याचा ट्रक घेऊन चुकून या रस्त्यांवर शिरलेल्यांची छतं कमानीला लागून सोलून निघतात, आणि हे पुन्हापुन्हा घडतं. फोनवरचा नेहमीचा नकाशा मात्र बिनदिक्कत तिथेच पाठवतो, कारण त्याला वेळ कळते, गाडीची उंची कळत नाही. म्हणून गाडीची लांबी, रुंदी, उंची आधी भरून घेणारा, ट्रक आणि आरव्ही, म्हणजे फिरती घरं, यांच्यासाठीचा वेगळा जीपीएस लागतो. त्या पैशात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी काट बोगद्यांवर. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर शेगडी आणि हीटरसाठी प्रोपेनच्या दोन टाक्या असतात. हा वायू हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, तळाशी साचतो. नदीखालच्या बंद नळीत तसं झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे हॉलंड आणि लिंकन हे दोन्ही बोगदे आम्हाला बंद, आणि जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा खालचा मजलाही बंद. दक्षिणेकडे जाताना बाल्टिमोरला हीच गत. तिथले बंदराखालचे दोन्ही बोगदे प्रोपेनवाल्यांना वर्ज्य असल्याने आम्ही सगळे फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचो. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ नावाचं मालवाहू जहाज त्याच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा कामगार गेले. तेव्हापासून शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो. गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्यालाही हाच वळसा पडला.

एवढं सगळं खोडून झाल्यावर नकाशावर उरतो तो ट्रकवाल्यांचा रस्ता. शहरात ट्रेलर ओढणं म्हणजे काय, तर मोटारवाल्याचं डोकं घरी ठेवून ट्रकवाल्याच्या डोक्याने गाडी चालवणं. माझं बालपण पनवेलचं. न्हावाशेवाकडे जाणारे कंटेनर नाक्यावर वळताना आधी उलट्या बाजूला का सरकतात, अख्खा चौक का अडवतात, याचा लहानपणी राग यायचा. आज मी स्वतः उजवीकडे वळताना आधी डावीकडे सरकते, कारण ट्रेलरची चाकं पिकअपच्या मागोमाग येत नाहीत, कोपरा कापून आतून येतात. सरकले नाही, तर चाक फुटपाथवर चढतं किंवा कोपऱ्यावरचा खांब ट्रेलरच्या कुशीत येतो.

आमचा ट्रेलर २६ फुटी, पिकअप १९ फूट. भरलेल्या ट्रेलरचं वजन साधारण ६,५०० पौंड, म्हणजे तीन टनांच्या आसपास. शहराची परीक्षा अंगणातच सुरू होते, ती जोडणीपाशी. ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हिचच्या, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडाच्या, बॉलवर यायला हवा. त्याहून कमी भरला तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जास्त झाला तर पिकअप मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला जोर राहत नाही. म्हणून दोन बाजूंना स्प्रिंगचे दांडे लावून तो भार थोडा पुढच्या चाकांकडे ढकलायचा. मग दोन साखळ्या एकमेकींवर फुली मारून खाली अडकवायच्या. जोड निसटलाच तर ट्रेलरचं तोंड जमिनीवर न आपटता त्या फुलीच्या झोळीत पडावं, एवढ्यासाठी ही फुली. सात पिनांचा प्लग बसवायचा, आणि शेवटी ती बारीक केबल लावायची, जी ताणून निघाली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. हे सगळं मी करते. मग नवरा पुन्हा पहिल्यापासून तपासतो. त्याने तपासलं की मी इंजिन सुरू करते, त्याआधी नाही.

एडिसनहून निघालं की न्यू जर्सी टर्नपाइकवर दोन वेगळ्या वाटा फुटतात. आतली फक्त मोटारींसाठी, बाहेरची ट्रक आणि बससकट सगळ्यांसाठी. आमची बाहेरची. पहिल्यांदा तिथे धडकी भरते, कारण दर मिनिटाला एखादा अठराचाकी शेजारून जातो. जवळ येताना त्याच्यापुढची हवा ट्रेलरला बाहेर ढकलते आणि तो पुढे सरकू लागला की तीच हवा आत ओढते. हाताला हे स्पष्ट कळतं. स्टिअरिंग आधी एका बाजूला जड होतं, मग एकाएकी सैल. इथे झटका देऊन सावरायला जाणं सगळ्यात घातक. चाक सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलायचा. ट्रेलर तरीही डोलायला लागला, तर पिकअपचा ब्रेक न दाबता ब्रेक कंट्रोलरची छोटी कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ओढ बसली की गाडी आणि ट्रेलर पुन्हा एका रेषेत येतात. माझा उजवा हात त्या कळीच्या जवळपासच असतो.

फोर्ट लीजवळ जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या वरच्या आणि खालच्या मजल्याच्या पाट्या भराभर येतात. तिथे पाटी वाचून मग लेन ठरवायची असं म्हणाल तर उशीर झालेला असतो. मैलभर आधीपासून मी एखाद्या ट्रकच्या मागे राहते. तो वरच्या मजल्यालाच जाणार, त्याला दुसरा पर्यायच नाही. नवरा शेजारून मोजकं बोलतो: “मधली धर. आता बदलू नकोस. पुढची डावी सुटते, आपण सरळ.” गाडीत त्या वेळी गाणी बंद, फोन बंद, मुलांनाही ठाऊक आहे की पूल येईपर्यंत काही मागायचं नाही.

१९३१ साली खुला झालेला हा पूल ओलांडला की रस्ता मॅनहॅटनच्या अरुंद भागातून जातो. डोक्यावर चक्क चार उंच निवासी इमारती उभ्या आहेत. खाली धूर आणि हॉर्न, वर माणसांचे संसार. लगेच हार्लेम नदी, आणि मग क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे. शहराचे रस्ते-पूल बांधणारा अधिकारी रॉबर्ट मोझेस याने हा रस्ता दाट वस्तीतून कापत नेला, हजारो कुटुंबं उठवली. त्या वेदनेचा ठसा रस्त्यावरही आहे. जागा नाही म्हणून कडेची पट्टी बहुतेक ठिकाणी नाही, चढउताराचे रॅम्प आखूड, दोन्ही बाजूंना भिंती. ट्रेलर आठ फूट रुंद. लेन बारा फुटांची मिळाली तरी दोन्हीकडे जेमतेम दोन-दोन फूट उरतात.

इथे मी उजवीकडून दुसरी लेन धरते. सर्वांत उजवीकडे रॅम्पवरून गाड्या अंगावर येतात, डावीकडे गेलं तर परत यायला कुणी जागा देत नाही. खरी कसोटी पुढच्या मोकळ्या जागेची. थांबायला मला मोटारीपेक्षा खूप जास्त अंतर लागतं, म्हणून मी ते राखते, आणि राखलं रे राखलं की कुणीतरी त्यात कट मारून शिरतं. मग पुन्हा मागे हटायचं, पुन्हा अंतर तयार करायचं. यात चिडून चालत नाही. चिडून अंतर मिटवणाऱ्याच्या हातात मग तीन टन उरतात आणि थांबायला जागा उरत नाही.

लेन बदलायची झाली तर इंडिकेटर आधी, बराच वेळ आधी, आणि मग थांबायचं. मोटारवाले बहुधा वेग वाढवतात. मागून येणारा ट्रकवाला मात्र हळू होतो, आपली शेपटी त्याच्यापुढून निघाली की हेडलाइट लुकलुकवतो. म्हणजे ये. मी आत शिरून मागचे दिवे एकदा मिचकावते. म्हणजे आभार. त्या गर्दीत दुसरं कुणीच इतकं समजून घेत नाही. दिवसरात्र हेच काम करणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. शहरातून जाणं टाळता येत असेल तर टाळावं. एडिसनलाच आय-२८७ सुरू होतो, मॉरिसटाउनवरून वर चढतो, मारिओ कुओमो पुलावरून हडसन ओलांडतो आणि रायजवळ आय-९५ ला मिळतो. मैल जास्त पडतात, पण श्वास मोकळा राहतो. आम्ही एरवी तोच रस्ता धरतो. त्या बाजूला मोठं काम निघालं किंवा वाहतूक अडकली, तरच क्रॉस ब्रॉन्क्स, आणि तोही रविवारी उजाडायच्या आत, इंधनाची टाकी आधीच भरून.

न्यू जर्सीत आपली पुष्कळ मंडळी आता उन्हाळ्यात भाड्याने ट्रेलर घेऊन मेनला, केप कॉडला जाऊ लागली आहेत. त्यांनी जरूर जावं. निघण्यापूर्वी स्वतःच्या टेपने ट्रेलरची उंची मोजून तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवावा, प्रोपेनच्या टाक्यांचे नळ बंद करावेत, आणि आदल्या रविवारी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर ब्रेक, वळणं आणि रिव्हर्स घोटून घ्यावेत. आणि ज्यांच्याकडे ट्रेलर नाही, नुसती मोटार आहे, त्यांना एक विनंती: ट्रेलरच्या पुढे मोकळी जागा दिसली तर तिच्यात शिरू नका. ती त्याला थांबण्यासाठी लागते.