द्राक्षासवाच्या कारखान्यांची पाहणी आणि घरचा संग्रह

वऱ्हाडातील शेतकऱ्यास द्राक्ष हे खाण्याचे फळ म्हणून चांगले परिचित आहे. परंतु त्याच फळापासून होणारे द्राक्षासव, ज्यास आता सर्वत्र वाईन असे म्हणतात, ते कसे तयार होते व कसे टिकते, याची माहिती आपल्याकडे थोड्यांसच आहे. त्र्यंबकेश्वराच्या यात्रेस किंवा आप्तांच्या कार्यास नाशिकाकडे जाणारे आमचे सभासद परत आल्यावर दोन प्रश्न हटकून विचारतात. तेथील कारखाने मुद्दाम वेळ काढून पाहण्याजोगे आहेत काय, हा पहिला. आणि तेथून आणलेल्या बाटल्या धामणगावच्या उन्हाळ्यात घरी टिकतील काय, हा दुसरा. तिसरा प्रश्न कोणी उघड विचारीत नाही, परंतु तो पुष्कळांच्या मनात असतो: हे पीक आपल्या रानात येईल काय? या तिन्ही प्रश्नांचा विचार येथे क्रमाने करावयाचा आहे.

धंद्याची उभारणी

महाराष्ट्रात या धंद्यास आधुनिक स्वरूप आले ते 1980 च्या दशकात. पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी इंडेज हा कारखाना उभारला व तेथे फसफसणारी वाईन फ्रेंच पद्धतीने तयार होऊ लागली. त्यानंतर नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी वडिलोपार्जित जमिनीवर वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. 1999 मध्ये त्यांनी स्थापिलेला सुला हा कारखाना आज देशातील सर्वांत मोठा गणला जातो. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर करून सवलती दिल्या व निफाड तालुक्यातील विंचूर आणि सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन उद्यानांसाठी जागा राखल्या. पुढे दिंडोरी, इगतपुरी व नाशिकच्या आसपास कारखाने निघाले, आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली हा कारखाना झाला. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाऊ असा आहे; दोन देशांतील तीन घराण्यांच्या भावाभावांनी मिळून तो काढला, म्हणून हे नाव.

या उभारणीची दुसरी बाजूही शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी. 2008 च्या जागतिक मंदीनंतर व त्याच वर्षीच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर उपाहारगृहांची गिऱ्हाइकी घटली. टाक्यांत माल पडून राहिला, कित्येक कारखाने बंद पडले, आणि ज्यांनी पदरच्या पैशाने वाईनच्या जाती लावल्या होत्या अशा अनेक बागायतदारांनी त्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वाईनचे द्राक्ष हे बाजारात टोपलीने विकण्याचे फळ नव्हे. त्याचा मणी लहान, साल जाड व आत बिया असतात. कारखान्याने नाकारले तर त्यास दुसरे गिऱ्हाईक जवळजवळ नाही. कापूस एका जिनात न घेतला तर दुसऱ्या जिनात नेता येतो, तशी सोय येथे नाही.

पाहणीस केव्हा जावे, काय पाहावे

धामणगावकरास नाशिक परके नाही. मुंबई-नागपूर हा लोहमार्ग दोन्ही गावांवरून जातो व अंतर पाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. जावयाचे तर जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत जावे. त्या वेळी आपल्याकडे कपाशीची वेचणी बहुतेक उरकलेली असते, हरभरा सोंगणीस यावयाचा असतो, आणि नाशिकास द्राक्षांची तोडणी चालू असते. पावसाळ्यात गेल्यास हिरवा देखावा दिसेल, पण कारखाना थंड पडलेला असेल.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जातो. आपल्याकडे तो झोपत नाही. म्हणून येथे दोन छाटण्या कराव्या लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड धरावयाचे. यामुळे फळ पावसाळ्यात न पिकता कोरड्या थंडीत पिकते. पांढऱ्या वाईनसाठी शेनिन ब्लाँ व सोव्हिनियाँ ब्लाँ, तर तांबड्यासाठी शिराझ व कॅबर्ने सोव्हिनियाँ या जाती विशेष दिसतात. या वेली बहुधा कणखर जंगली जातीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात. वेलीवर घड मुद्दाम मर्यादित ठेवतात. कारण येथे वजनापेक्षा रसाचा दाटपणा महत्त्वाचा.

कारखान्यात पहिली गोष्ट पाहावी ती साखरमापनाची. खाण्याचे द्राक्ष 18 अंश ब्रिक्सच्या सुमारास तोडतात. तांबड्या वाईनचे 23-24 अंशांपर्यंत पिकवितात. ठोकळ हिशोब असा की, एका अंशापासून सुमारे 0.55 टक्के मद्यार्क होतो. म्हणजे 24 अंशांच्या रसाची वाईन सुमारे 13 टक्क्यांची. याच हिशोबाने आपल्या संत्र्याच्या 10 अंशांच्या रसातून जेमतेम साडेपाच टक्के निघतील व ते पेय बाहेरून साखर घातल्यावाचून टिकणार नाही. संत्र्यापासून वाईन काढण्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हा हिशोब प्रथम करावा.

त्यानंतर देठ काढण्याचे यंत्र, दाबयंत्र व पोलादी टाक्या पाहाव्या. पांढरी वाईन करताना साल व बी आधीच वेगळी करून रस 12 ते 16 अंश सेल्सियसवर सावकाश आंबवितात. तांबडी करताना रस सालीसकट आंबवितात व उष्णमान अधिक ठेवतात. रंग व तुरटपणा येतो तो सालीतून. आंबताना रस स्वतः तापतो, म्हणून टाक्यांभोवती थंड पाणी खेळविलेले असते. निवडक तांबडी वाईन पुढे ओक लाकडाच्या 225 लिटरच्या पिंपांत मुरते. सर्व धरून एका बाटलीस किलोभराहून थोडे अधिक द्राक्ष लागते. हा आकडा मनात धरला की बाटलीच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा किती, हे कोणासही सांगावे लागत नाही.

चव घेण्याच्या दालनात प्रथम पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी व शेवटी गोड, असा क्रम ठेवावा. घोट तोंडात घोळवून ठेवलेल्या भांड्यात टाकून देणे ही तेथील रीतच आहे. त्यात अपमान नाही, आणि पाचसहा नमुन्यांनंतरही डोके ठिकाणावर राहते. ज्यास गाडी हाकावयाची आहे त्याने हे दालन वगळावे. आणि शेतकऱ्याने तेथे शेतकऱ्याचे प्रश्न विचारावे: करार किती वर्षांचा असतो, भाव वजनावर की साखरेवर, माल नाकारला तर भार कोणावर, पैसे किती दिवसांत मिळतात.

घरचा संग्रह

संग्रह हा शब्द ऐकून शंभर बाटल्यांचे तळघर डोळ्यांपुढे आणू नये. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. आपल्या देशातील बहुतेक पांढरी व गुलाबी वाईन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. पिंपात मुरविलेली निवडक तांबडीच तेवढी पाच वर्षे किंवा थोडी अधिक ठेवण्याजोगी असते, आणि तीही योग्य जागी ठेवली तर.

ती योग्य जागा कोणती? 12 ते 15 अंशांचे स्थिर उष्णमान, अंधार, थोडा ओलावा व हादरे नसणे, या चार अटी. धामणगावास मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो व घरातील खोली रात्रीदेखील पुरती निवत नाही. उष्णमान 10 अंशांनी वाढले की पदार्थातील रासायनिक घडामोडी सुमारे दुपटीने वाढतात, असा ठोकताळा आहे. त्या मानाने 15 अंशांवर ठेवलेल्या बाटलीपेक्षा 35 अंशांच्या खोलीतील बाटली चौपट वेगाने जुनी होते. नुसती जुनी होते असेही नव्हे. उष्णतेने रस फुगून बूच सरकते, हवा शिरते, व वास शिजलेल्या फळासारखा येतो.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या वाड्यास तळघर आहे, जुने पेव आहे, तेथे ठेवू. कल्पना चांगली, पण अपुरी आहे. जमिनीत काही मीटर खोल गेल्यावर उष्णमान वर्षभर जवळजवळ एकच राहते, व ते त्या गावच्या वार्षिक सरासरीइतके असते. फ्रान्समध्ये ही सरासरी 11-12 अंश पडते, म्हणून तेथील तळघर आपोआप थंड असते. आमच्या भागात ती 26-27 अंश आहे. तेव्हा वऱ्हाडी तळघर उन्हाळ्याच्या तडाख्यापासून बाटली वाचवील, परंतु तीस वर्षानुवर्षे मुरवू शकणार नाही. तेथे ठेवलेली बाटली वर्षाच्या आत उघडावी.

सबब आमची सूचना अशी. आरंभ बारा बाटल्यांनी करावा: सहा पांढऱ्या, चार साध्या तांबड्या व दोन निवडक तांबड्या. पहिल्या दहा होळीच्या आधी संपतील किंवा भेट जातील इतक्याच आणाव्या. राहिलेल्या दोन शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्या. तेथील 4-5 अंश हे आदर्श नव्हे, तरी उन्हाळा निभावून नेण्यास पुरेसे होय. वाईनसाठी स्वतंत्र शीतपेटी मिळते. पण तिचा खर्च ठेवावयाच्या मालाच्या किमतीशी ताडून पाहावा, आणि वीज जाण्याचे तास त्या हिशोबात धरावे. लाकडी बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते; फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. उघडलेली बाटली बूच लावून थंडीत ठेवल्यास दोन-तीन दिवस बरी राहते. आणताना मोटारीच्या मागच्या पेटीत उन्हात तापू देऊ नये. एका दुपारीत वर्षाची मेहनत वाया जाते.

बियाण्याची नोंद ठेवतो तशी एक वही घालावी. कारखाना, जात, तोडणीचे साल, खरेदीची तारीख व किंमत, उघडण्याची मुदत, आणि उघडल्यावर चव कशी लागली, एवढे रकाने पुरे. दोन हंगामांनी ही वही कोणाही विक्रेत्यापेक्षा अधिक शहाणी होते. आमच्या तिखट जेवणाबरोबर फार तुरट तांबडी वाईन जुळत नाही. तिखटाने तुरटपणा वाढतो. सांबारवडी किंवा पातोडीच्या रश्शाबरोबर थंड केलेली, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ अधिक शोभते.

कायदा आणि विवेक

मद्य बाळगण्यास व पिण्यास या राज्यात परवाना लागतो व जवळ किती ठेवावे यास मर्यादा आहे. संग्रह करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कचेरीत नियम विचारून घ्यावे. परवान्याशिवाय घरी वाईन गाळणे हा गुन्हा आहे. आमच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: वर्धा नदी ओलांडली की पुलगाव, म्हणजे वर्धा जिल्हा, जेथे गेले अर्धशतक दारूबंदी आहे. नाशिकाहून येताना धामणगावास झोप लागून राहिली, तर पुढच्या स्थानकावर पिशवीतील भेटवस्तूच आरोपाचा पुरावा ठरेल.

कायद्याहून मोठी गोष्ट विवेकाची. संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी याच जिल्ह्यात व्यसनाविरुद्ध जन्मभर लोकांस जागविले, आणि दारूपायी शेत गहाण पडलेले घर ज्याने पाहिले नाही असा वाचक आमच्यांत विरळाच. 2022 च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याच्या हिताचे नाव पुढे करण्यात आले, आणि त्यावर मोठा वाद माजला. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण प्रकृतीस निर्धोक नाही. वाईन फळांची आहे म्हणून ती औषध ठरत नाही. ज्या घरात पूर्वी कोणी व्यसनाने गेला आहे, त्या घरात संग्रह न करणे हाच उत्तम संग्रह होय.

आता तिसरा प्रश्न. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून 550 मीटरांहून अधिक, आपली तिच्या निम्म्याच्या आसपास. तेथे फळ पिकताना रात्री गार, येथे फेब्रुवारीतच ऊन चढते. आपली भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते व भेगाळते. वेलीस निचऱ्याची मुरमाड जमीन मानवते. आणि सर्वांत मोठी अडचण ही की, माल घेणारा कारखाना शेकडो कोस दूर. तेव्हा आमचे मत असे की, धामणगाव तालुक्यात ही लागवड तूर्त कोणी करू नये. ज्यास हौस असेल त्याने आधी पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रास माती व पाण्याचे पृथक्करण दाखवून सल्ला घ्यावा.

मग पाहणीस जावेच कशाला? ज्या गोष्टीसाठी जावे ती बाटलीत नसून कारखान्याच्या दारातील काट्यावर आहे. तेथे माल वजनावरच नव्हे तर गुणावर मोजला जातो, भाव तोडणीपूर्वी ठरतो, व बागेचे नाव बाटलीवर छापले जाते. आपला कापूस धाग्याच्या लांबीवर व संत्रे रसाच्या गोडीवर असे मोजले गेले, आणि भाव पेरणीपूर्वी कागदावर आला, तर आपल्यास काय मिळेल, याचा विचार परतीच्या गाडीत करावा.