मैफलीतली मदत आणि हक्काची भाकरी

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी आपली वाद्ये जुळवून घेतली, आणि ते थांबताच हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्ये लावणे हेच वादन, असा त्या भाबड्या तरुणाईचा समज झाला होता. नुसते जुळवणे एवढे आवडले असेल तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे दोन शब्द रविशंकरांनी हसत हसत ऐकवले. हा प्रसंग विनोद म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. तथापि लोकप्रिय संगीत आणि जगातील आपत्ती यांचे जे नाते गेल्या अर्धशतकात जडले, त्याचे सारे मर्म या प्रसंगात साठवले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ही मैफल बांगलादेशासाठी होती. १९७०च्या नोव्हेंबरातील चक्रीवादळ आणि १९७१च्या मार्चपासून सुरू झालेला लष्करी अत्याचार यांनी पूर्व बंगाल उद्ध्वस्त झाला होता. ज्या भूमीशी आपल्या पूर्वजांचे नाते, तिच्यासाठी काही करावे म्हणून रविशंकरांनी आपला शिष्य आणि ‘बीटल्स’पैकी एक, जॉर्ज हॅरिसन, याला साकडे घातले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी मंडळी जमली. एका दिवसात दोन प्रयोग झाले आणि ‘बांगलादेश’ हे नाव पाश्चात्त्य तरुणांच्या तोंडी बसले. वॉशिंग्टनमधील राज्यकर्ते पाकिस्तानच्या लष्करशहांना पाठीशी घालीत असताना ही गोष्ट घडावी, हे मोल लहान नव्हे.

पण पैशाचे मोल किती? तिकीटविक्रीतून सुमारे २ लक्ष ४३ हजार डॉलर जमले आणि ते ‘युनिसेफ’कडे गेले. त्या वेळी डॉलरचा भाव साडेसात रुपये होता. म्हणजे ही रक्कम सव्वाअठरा लाख रुपयांच्या आसपास भरते. भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या वर्षअखेरीस एक कोटीच्या घरात पोहोचली. भागाकार करून पाहावा: माणशी अठरा पैसे! ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांचे उत्पन्न याहून पुष्कळ मोठे होते. परंतु धर्मादाय संस्थेची योजना आधी करून न ठेवल्यामुळे त्यातील बराच भाग अमेरिकी करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकून पडला. भुकेला थांबता येत नाही, करखात्याला येते.

पाच पैशांचे तिकीट

याच वर्षी भारतात दुसरी एक मदत चालू होती, आणि तिला टाळ्या मिळाल्या नाहीत. १५ नोव्हेंबर १९७१ पासून केंद्र सरकारने टपालावर निर्वासित साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. लेकीला ख्यालीखुशाली कळवणारा बाप असो की नोकरीसाठी अर्ज धाडणारा पदवीधर, पाकिटावर ते छोटे तिकीट चिकटवल्यावाचून त्याचे पत्र पुढे सरकत नसे. हे तिकीट १९७३च्या मार्चअखेरपर्यंत चालले. वर काढलेले माणशी अठरा पैसे म्हणजे अशी जेमतेम साडेतीन तिकिटे! निर्वासितांचा खर्च केवळ त्या तिकिटावर भागला असे अर्थातच नव्हे. मुद्दा निराळा आहे. हे पैसे कोणाच्या भावना उचंबळल्या म्हणून जमले नाहीत. रोज, नेमाने आणि कायद्याने जमले. दयेला ओहोटी लागते, कराला सहसा लागत नाही.

मैफलीनंतर तीनच वर्षांनी, १९७४ साली, त्याच बांगलादेशात दुष्काळ पडला. या वेळी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कोणी जमले नाही. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने आपल्या धान्यमदतीला ऐन आणीबाणीत खो घातला. पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, दरडोई धान्याची उपलब्धता पाहता १९७४ हे आसपासच्या वर्षांहून वाईट वर्ष नव्हतेच. पुराने शेतमजुराचे काम बुडाले, तांदळाचे भाव भडकले आणि त्याची धान्य विकत घेण्याची ऐपत संपली. दुष्काळात धान्य असते. ते मिळवण्याचा हक्क नसतो. सेन यांच्या विवेचनाचे सार हेच होय.

इथिओपिया आणि महाराष्ट्र

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्लीवर आणि फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’ झाले, ते इथिओपियासाठी. बॉब गेल्डॉफ या गायकाने जगाची झोप उडवली, यात शंका नाही. पण त्या देशात केवळ पाऊसच रुसला होता असे नव्हे. सरकार उत्तरेतील बंडखोरांशी लढत होते. १९८४च्या सप्टेंबरात क्रांतीचा दशकपूर्ती सोहळा थाटात साजरा करीत होते. पुढे सुमारे सहा लाख लोकांना त्याने उत्तरेकडून नैर्ऋत्येकडे हलवले, आणि तेही पुष्कळदा बळजबरीने. या स्थलांतराविरुद्ध आवाज उठवणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेला १९८५च्या अखेरीस देशाबाहेर काढण्यात आले. गाण्यात हे काहीच नव्हते. गाण्यात आटलेल्या नद्या होत्या, आणि नदीला कोणी जाब विचारीत नाही.

याच्या उलट उदाहरण शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. १९७२-७३ साली महाराष्ट्रात पीक हातचे गेले, तेव्हा कोणत्याही रंगमंचावर दिवे उजळले नाहीत. उजळली ती खडी फोडण्याची, पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामे. १९७३च्या मे महिन्यात त्यांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. हाल कमी झाले नाहीत, परंतु भूकबळींचे जे तांडव अपेक्षित होते ते टळले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला १९७७च्या कायद्याने बळ दिले. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांच्या वेतनातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. कोणाचेही डोळे पाणावले नाहीत. पण गावातला मजूर काम मागू लागला, याचना करीनासा झाला.

तर मग गाणे व्यर्थ आहे काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. बातमी डोळ्यांपुढून सरकून जाते. गाणे ती कानात ठेवते. आज हे सांगण्याचे कारण असे की, २०२४च्या ऑगस्टमध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी घोषित केले. दोन्ही ठिकाणी आभाळ निर्दोष होते. धान्य अडले ते वेढ्यात, नाक्यावर आणि बंदुकीपुढे. १९८४ चे गाणे २०२४ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण झाली म्हणून नव्याने सादर झाले, तेव्हा त्यातील आफ्रिकेच्या दीनवाण्या चित्राला खुद्द आफ्रिकी वंशाच्या कलावंतांनी आक्षेप घेतला, तो रास्तच होता. भुकेल्याची कीव केली की भुकेचे कारण झाकले जाते.

म्हणून लोकप्रिय कलावंतांकडून आता पैशाची नव्हे, नेमक्या प्रश्नाची अपेक्षा केली पाहिजे: धान्य कोठे अडले आहे आणि कोणी अडवले आहे? आणि श्रोत्यानेही तिकीट काढून सुटका झाली असे मानू नये. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी वाद्ये जुळण्याला दाद दिली, यात त्यांचा दोष नव्हता. पुढे खरे वादन आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मदतीच्या मैफली म्हणजे वाद्ये जुळवणे आहे. पन्नास वर्षे ते ऐकल्यानंतर तरी जगाने टाळ्या थांबवून वादनाची वाट पाहावी, आणि ते सुरू होत नसेल तर मोठ्याने विचारावे.