पैलवान पोरांना शिबिराला पाठवताना

सभासद बंधूंनो,

आपल्या कार्यक्षेत्रातील कुमार गटाच्या मल्लांसाठी निवड चाचणीपूर्वी तीन आठवड्यांचे सराव शिबीर राजारामपुरीत भाड्याच्या हॉलमध्ये घ्यायचे ठरले आहे. राजारामपुरी म्हटली की आपल्याला दवाखाने आणि नंबरच्या गल्ल्या आठवतात. त्यामुळे "गावात तालीम असताना पोरगं तिकडं कशाला धाडायचं?" असे गट ऑफिसात आम्हाला बऱ्याच जणांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

गावची तालीम कमी पडते असे आमचे म्हणणे नाही. अंगात रग येते ती लाल मातीतच. पण मातीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही, मैदानात कुस्ती अर्धा तास चालली तरी लोक बसून राहतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती, की खेळ खलास. पट काढून ताबा घेतला की २ गुण, आपला पाय वर्तुळाबाहेर पडला की समोरच्याला १ गुण. फ्रीस्टाईलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की पंच तिथेच कुस्ती थांबवतात. आपला पोरगा पहिली दोन मिनिटे खडाखडीतच घालवतो, तोवर समोरचा एक पट आणि दोन भारंदाज मारून सहा गुण घेऊन बसलेला असतो. ताकद असून हरल्यावर घरी येऊन पंचाला शिव्या! शिबिरात घड्याळ लावून, गुण मोजून, रोज वेगळ्या जोडीशी लढायला लावतात. गावात त्याच त्या दोन जोडीदारांशी खेळून हे अंगवळणी पडत नाही.

हे दुखणे जुने आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना शिकवले, तरी सहाव्या क्रमांकावर थांबावे लागले. पुढे चार वर्षे तयारी केली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ५७ किलो गटात कांस्यपदक मिळाले. तिथेही जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर लगेच रशियाच्या मल्लाशी त्यांना उतरवले. नियमाने विश्रांती मिळायला हवी होती, पण ते सांगायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. म्हणून पोरगा एकटा न जाता संघातून जावा, बरोबर नियम जाणणारा वस्ताद असावा, हा आमचा आग्रह.

आता वजनाचे. मागे आमच्याच गटातल्या एका पोराच्या वडिलांनी शेवटचे दोन दिवस पोराचे पाणी बंद केले. खालच्या गटात बसवायचे होते. पोरगा वजनात बसला आणि पहिल्याच कुस्तीत घेरी येऊन पडला. सलाईन लावावे लागले. वडील आम्हाला म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगता न्हवं, तोडीआधी पंधरा दिवस पाणी तोडा म्हणून?" आम्हाला हसावे की रडावे कळेना. बाबांनो, उसाचे पाणी तोडले तर साखर वाढते, पोराचे तोडले तर रक्त घट्ट होते आणि जिवावर बेतते. अमेरिकेत १९९७ साली अशाच घाम काढण्याच्या नादात सव्वा महिन्याच्या आत तीन कॉलेजचे मल्ल दगावले. आणि वजन शेवटच्या रात्रीवर ठेवले तर काय होते ते ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला सगळ्यांनी पाहिले. विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली आणि सकाळच्या वजनाला १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली. कारखान्याच्या काट्याबद्दल तुम्ही आमच्याशी भांडू शकता, त्या काट्याशी नाही. शिबिरात पहिल्या दिवसापासून रोज सकाळी वजन वहीत लिहिले जाईल. ज्या वजनात पोरगा जेवून-पिऊन राहतो, त्याच गटात तो खेळेल. यात वडिलांची शिफारस चालणार नाही.

मधूनच "टोळी आलीया, पोराला चार दिवस सोडा" असा निरोप पाठवू नका. तोड लागण नोंदीच्या क्रमानेच येते, पोरगा शिबिरात आहे म्हणून ती अलीकडे-पलीकडे करता येणार नाही. फक्त चिटबॉय तुम्हाला आठ दिवस आधी कळवील, म्हणजे माणसे बघायला वेळ मिळेल. शेवटच्या आठवड्यात वस्ताद मेहनत कमी करून घेतात. पोरगं नुसतं बसलंय असे समजून त्या दिवसांत भेटायला येऊन त्याला जोर काढायला लावू नका.

अंगावर नायटा, गजकर्ण असेल तर आधी औषध करून घ्या. एकाचे मॅटवरून सगळ्यांना लागते. बरोबर दोन लांगा, टॉवेल, स्वतःचा साबण, जन्मतारखेचा दाखला आणि आधार कार्ड द्यावे. तूप-बदाम घरचे दिले तर उत्तम, दुधाची सोय कारखान्याकडून आहे. नावे गट ऑफिसात द्यावीत.