आईचा धोका कधीपासून मोजायचा?

हुगळीच्या पश्चिम तीरावरचे हावडा आणि पूर्व तीरावरचे कोलकाता यांच्यामध्ये एका पुलाचे अंतर आहे. महानगरातील मोठी सरकारी रुग्णालये हावड्याच्या गरोदर स्त्रीला तशी जवळच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पश्चिम बंगालमधील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. तरीही राज्याचे दोन आकडे शेजारी ठेवले की मला कोडे पडते.

२०२० मध्ये येथे दर हजार जिवंत जन्मांमागे १९ अर्भके दगावली. देशाची सरासरी २८ होती. मात्र २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे १०३ माता दगावल्या. देशाची सरासरी ९७, तर महाराष्ट्राचा आकडा ३३ होता. बाळांच्या बाबतीत पुढे असलेले राज्य मातांच्या बाबतीत मागे का?

बाळांचे यश आपोआप आलेले नाही. पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात २००३ मध्ये आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, त्याचा परिणाम अभ्यासला गेला आणि पुढे असे कक्ष देशभर उभे राहिले. मराठी वाचकांना येथे गडचिरोली आठवेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजातांची काळजी पोहोचवली. तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे सूत्र एकच होते : धोका जेथे आहे तेथेच तो मोजायचा आणि तेथेच उपाय करायचा.

आईचा धोका मात्र आपण गरोदरपणाच्या नोंदणीपासून मोजतो. उपरोक्त सर्वेक्षणात पश्चिम बंगालमधील २० ते २४ वयोगटातल्या ४१.६ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांआधी झालेला आढळला; महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के आहे. १५ ते १९ वयाच्या १६.४ टक्के मुली आई झालेल्या वा गरोदर होत्या. कोवळ्या वयातील गर्भारपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका अधिक असतो. रक्तक्षयाने तो प्रसंग आणखी बिकट होतो. मातामृत्यूंचे हे एकमेव कारण नव्हे, पण दुर्लक्षित कारण नक्कीच आहे. अशी मुलगी अत्यवस्थ होऊन पूल ओलांडते, तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही तासच उरलेले असतात.

राज्याने २०१३ मध्ये ‘कन्याश्री’ योजना आणली. अविवाहित राहून शिकणाऱ्या मुलीला अठराव्या वर्षी २५ हजार रुपये मिळतात. योजनेचा गौरव झाला, पण बालविवाहांचे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणानंतर घटले नाही. योजना व्यर्थ ठरली, असे मी म्हणणार नाही. मात्र लग्न होताच मुलगी तिच्यातून वगळली जाते, आणि आरोग्यसेवेचे लक्ष तिच्याकडे वळते ते बहुधा दिवस गेल्यावर. मधला काळ कोणाचाच नसतो.

तो काळ आशा कार्यकर्तीच्या कामात यायला हवा : नवविवाहितेची भेट, पहिले गर्भारपण लांबवण्याचा सल्ला व साधने, लोहाच्या गोळ्या. प्रत्येक मातामृत्यूच्या चौकशीत विवाहाचे वयही नोंदवावे आणि निष्कर्ष जिल्हावार प्रसिद्ध करावेत. नमुना नोंदणी पद्धतीचा मातामृत्यू दर राज्यापुरताच मिळतो. त्यात हावड्याला स्वतःचे चित्र दिसत नाही. जे दिसत नाही, त्यासाठी निधी मागणे कठीण असते.